गारव्याची निगा : घरातील फ्रीज आणि फ्रीझर यांची देखभाल

बंगळुरूच्या जुन्या किल्ल्याजवळ असलेले चामराजपेट ही शहरातील एक जुनी, आखीव वसाहत. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या कारकिर्दीत, १८९२ मध्ये, जुन्या पेठेबाहेर ती वसविण्यात आली आणि त्यांचेच नाव तिला मिळाले. कन्नड साहित्य परिषदेची वास्तू याच भागात आहे. मराठी माणसाला हा परिसर परका नाही. १६३८ नंतर बंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर होती आणि तेव्हापासून या शहरात मराठी बोलणारी घरे नांदत आली आहेत. येथील मराठी स्वयंपाकघरात सकाळी डोशाचे पीठ आणि संध्याकाळी पिठले, एका डब्यात ओला नारळ आणि दुसऱ्यात चक्का, असा दोन प्रांतांचा संसार सुखाने चालतो. कृष्णराजेंद्र मार्केट जवळच असल्याने भाजी, कढीपत्ता आणि मोगऱ्याची फुले ताजी मिळतात. हे सारे घरी येते आणि फ्रीजमध्ये विसावते.

फ्रीज चालतो तो विजेवर, आणि विजेचा इतिहासही याच परिसराला चिकटून आहे. कावेरीवरील शिवनसमुद्रम येथील जलविद्युत केंद्रातून १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली. १९०५ च्या ऑगस्टमध्ये, आज जेथे कृष्णराजेंद्र मार्केट उभे आहे त्या परिसरात, बंगळुरूतील विजेचे पहिले पथदीप उजळले. घरगुती फ्रीज मात्र भारतात बराच उशिरा रुळला. देशी बनावटीचा फ्रीज गोदरेज कंपनीने १९५८ मध्ये बाजारात आणला. त्यानंतरही कित्येक वर्षे तो दिवाणखान्यात, पाहुण्यांना दिसेल असा, ठेवला जाई. त्याच्या दरवाज्याला कुलूप असे आणि वर भरतकाम केलेले आच्छादन असे. आज तो स्वयंपाकघरातील एक नित्याची वस्तू झाला आहे, आणि नित्याच्या वस्तूंकडे जसे दुर्लक्ष होते, तसे त्याच्याकडेही होते.

हे दुर्लक्ष केवळ वीजबिलापुरते राहत नाही. घरातील लहान मुलाचे दूध, आदल्या रात्रीचा भात आणि मधुमेही आजोबांचे इन्सुलिन हे सारे त्याच कपाटात असते. फ्रीज बंद पडला की लगेच कळते. तो थोडासा बिघडला तर आठवडेच्या आठवडे कळत नाही. म्हणून त्याची निगा कशी राखावी, आणि त्यामागील कारण काय, हे प्रत्येक घराने जाणून घेणे हिताचे ठरते.

माठ आणि फ्रीज

फ्रीज गारवा निर्माण करतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः तो उष्णता आतून उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. हे समजण्यास घरातील माठासारखे दुसरे उदाहरण नाही. माठातील पाणी त्याच्या सच्छिद्र अंगातून पाझरते, बाहेर त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जाते. पाणी गार होते ते यामुळे.

फ्रीजमध्येही हेच घडते. फ्रीझरच्या भिंतीतील नळ्यांमध्ये सहज वाफ होणारा द्रव असतो. त्याची वाफ होताना तो आतील उष्णता शोषून घेतो. माठातील वाफ हवेत निघून जाते, म्हणून माठ पुन्हा भरावा लागतो. फ्रीजमध्ये मात्र ही वाफ वाया जात नाही. तळाशी असलेला कॉम्प्रेसर तिला दाबतो आणि पाठीमागील किंवा बाजूच्या नळ्यांकडे पाठवितो. तेथे ती आपली उष्णता खोलीतील हवेला देते, पुन्हा द्रव होते आणि पुन्हा आत जाते. चालत्या फ्रीजची पाठ किंवा बाजू हाताला कोमट लागते, ती याचमुळे.

या एका गोष्टीतून निगेचे सर्व नियम निघतात. उष्णतेला बाहेर जाण्याची वाट मोकळी हवी. बाहेरची उष्ण, दमट हवा आत शिरता कामा नये. आतील नळ्यांवर बर्फाचे पांघरूण साचता कामा नये. आणि आत ठेवलेल्या अन्नातील जंतूंना वाढण्यास जागा व वेळ मिळता कामा नये. पुढील सारा विचार या चार सूत्रांचाच विस्तार आहे.

किती थंड असावा?

फ्रीजच्या आतील तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थोडे कमी आणि फ्रीझरचे उणे १८ अंश असावे, हे सर्वमान्य प्रमाण आहे. अन्नातील बहुतेक रोगजंतू ५ ते ६० अंशांच्या दरम्यान वाढतात. अनुकूल उबेत काही जंतूंची संख्या सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होते. ४ अंशांना ही वाढ अतिशय मंदावते; पूर्णपणे थांबत मात्र नाही. फ्रीझरमध्ये ती थांबते, पण जंतू मरत नाहीत. अन्न वितळले की त्यांचे काम पुन्हा सुरू होते. फ्रीज बिघडलेले अन्न सुधारत नाही; चांगल्या अन्नाला थोडा अवधी मिळवून देतो, एवढेच.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. येथील हवा सौम्य, म्हणून अन्न फारसे नासत नाही, असा समज जुन्या घरांत आढळतो. पण सौम्य हवेचे २५ ते ३० अंश तापमान माणसाप्रमाणे जंतूंनाही मानवते. शिवाय उन्हाळा पूर्वीसारखा राहिलेला नाही. एप्रिल २०१६ मध्ये शहरात ३९.२ अंशांची नोंद झाली होती.

फ्रीजमधील बटणावरील १, २, ३ हे आकडे तापमानाचे नसतात. आकडा जितका मोठा, तितका गारवा अधिक, एवढाच त्यांचा अर्थ. खरे तापमान कळण्यासाठी फ्रीजचा साधा तापमापक विकत घ्यावा. तो पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवावा आणि सकाळी, दरवाजा पहिल्यांदा उघडताच, वाचावा. ताप मोजण्याचा तापमापक या कामी येत नाही, कारण त्याचे आकडे शरीराच्या तापमानाच्या आसपासचेच असतात. तापमापकात ७ किंवा ८ अंश दिसले, तर बटण एका आकड्याने पुढे सरकवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. ऋतू बदलला की ही तपासणी पुन्हा करावी.

घरात इन्सुलिन असेल तर या तपासणीचे मोल अधिकच. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावयाचे असते. ते गोठले तर निकामी होते, आणि वितळल्यावर पूर्वीसारखे दिसले तरी वापरता येत नाही. फ्रीझरच्या लगतची जागा आणि फ्रीजची मागील भिंत येथे गोठण्याचा धोका असतो. दरवाज्यातील कप्प्यात तापमान दिवसभर वरखाली होते. म्हणून इन्सुलिन एका छोट्या डब्यात घालून मधल्या फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावे. वापरात असलेल्या कुपीविषयी तिच्यासोबतच्या पत्रकातील सूचना पाळाव्यात.

उष्णतेला वाट

चामराजपेटमधील जुनी घरे आता पुष्कळ ठिकाणी सदनिकांच्या इमारतींना जागा देत आहेत. जागा लहान, म्हणून फ्रीज भिंतीला चिकटवून, कधी गॅसच्या शेगडीशेजारी, कधी कोनाड्यात ठेवला जातो. बाहेर टाकलेली उष्णता तेथेच कोंडते, कॉम्प्रेसर अधिक काळ चालतो आणि त्याचे आयुष्य घटते. फ्रीजच्या मागे व बाजूंना साधारण १० सेंटिमीटर आणि वर त्याहून थोडी अधिक जागा मोकळी असावी. उत्पादकाच्या पुस्तिकेत याहून वेगळे अंतर दिले असेल, तर तेच पाळावे. शेगडी व खिडकीतून येणारे ऊन यांपासून तो दूर असावा. वर वर्तमानपत्रांचे गठ्ठे, अंगावर जाड आच्छादन असू नये.

ज्या फ्रीजच्या मागे काळी जाळी दिसते, तिच्यावर धूळ आणि फोडणीच्या वाफांचा तेलकट थर बसतो. हा थर उष्णतेला अडवितो. दर सहा महिन्यांनी फ्रीजचा प्लग काढून, तो हलक्या हाताने पुढे ओढून, मऊ ब्रशने ही जाळी झाडावी. पाणी वापरू नये. नव्या फ्रीजमध्ये या नळ्या बाजूंच्या पत्र्याआड असतात. तेथे बाजू पुसणे आणि अंतर मोकळे ठेवणे पुरेसे होते. फ्रीज हलविल्यानंतर तो थोडा वेळ उभा, स्थिर राहू द्यावा आणि मगच सुरू करावा. आडवा करून नेला असेल, तर कित्येक तास थांबावे लागते.

दरवाज्याचे रबर

दरवाज्याच्या कडेने फिरलेल्या रबराच्या पट्टीत लोहचुंबक असते. दरवाजा घट्ट बसतो तो त्याच्या जोरावर. या पट्टीच्या घड्यांत पिठाचे कण, सांडलेले दूध आणि काळी बुरशी साचते. मग पट्टी नीट टेकत नाही आणि दमट हवा आत शिरते. पट्टीची परीक्षा सोपी आहे. कागदाची एक पट्टी दरवाज्यात धरून दरवाजा लावावा आणि कागद हळूच ओढावा. तो अडखळला तर रबर ठीक. सहज निघून आला तर त्या जागी फट आहे. ही परीक्षा चारही बाजूंनी करावी. काही जण यासाठी चलनी नोट वापरतात. साधा कागद पुरेसा असताना नोटेला त्रास देण्याचे कारण नाही.

रबर महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब घालून पुसावे. घड्यांतील मळ जुन्या, मऊ दातांच्या ब्रशने काढावा आणि शेवटी कोरडे करावे. रबर फाटले किंवा कडक झाले असेल, तर ते बदलून मिळते. त्यासाठी नवा फ्रीज घेण्याची गरज नसते.

फ्रीझरमधील बर्फ

एका दरवाज्याच्या साध्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या भिंतींवर बर्फ जमतो. दरवाजा उघडताना आत गेलेल्या हवेतील आणि उघड्या ठेवलेल्या पदार्थांतील बाष्प तेथे गोठते. हा भुसभुशीत बर्फ थंड असला, तरी फ्रीज गार करण्यास मदत करीत नाही. त्यात हवा अडकलेली असल्याने तो ब्लँकेटासारखे वागतो आणि आतील उष्णता नळ्यांपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून थर अर्धा सेंटिमीटर झाला की बर्फ काढावा.

त्याची रीत अशी. बाजारहाट करण्याच्या आदल्या दिवशी, फ्रीज रिकामा असताना, हे काम काढावे. नाशवंत पदार्थ संपवावेत किंवा बर्फाच्या पिशव्यांसह जाड पेटीत ठेवावेत. बटणाच्या मध्यभागी बर्फ वितळविण्याची कळ असेल, तर ती दाबावी. संपूर्ण सफाई करावयाची असेल, तर प्लगच काढावा. खाली पसरट भांडे आणि जाड फडके ठेवावे. घाई असेल, तर प्लग काढलेल्या फ्रीझरमध्ये गरम पाण्याचे पातेले एका फडक्यावर ठेवावे आणि दार लावून घ्यावे. सुटलेले बर्फाचे तुकडे हाताने किंवा लाकडी उलथन्याने उचलावेत.

सुरी, स्क्रूड्रायव्हर किंवा कालथा कधीही वापरू नये. फ्रीझरच्या पातळ पत्र्यामागेच नळ्या असतात. एका टोचणीने वायू निसटतो आणि दुरुस्तीचा मोठा खर्च उभा राहतो. पूर्वीच्या फ्रीजमध्ये ओझोनच्या थराला हानी करणारा वायू वापरीत. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. आजच्या अनेक घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन वापरतात. तो ओझोनला अपाय करीत नाही, पण ज्वालाग्राही आहे. नळीला छिद्र पडल्याचा संशय आला, तर शेगडी पेटवू नये, विजेचे बटण वा प्लग हाताळू नये, खिडक्या उघडाव्यात आणि प्रशिक्षित कारागिराला बोलवावे.

बर्फ न जमणारा, म्हणजे फ्रॉस्ट-फ्री फ्रीज असेल, तर तो हे काम स्वतःच करतो. आत लपलेला छोटा हीटर ठराविक वेळाने बर्फ वितळवितो आणि पाणी एका छिद्रातून पाठीमागील ट्रेमध्ये जाते. हे छिद्र अन्नकणांनी बुजले की पाणी भाजीच्या कप्प्याखाली साचते. मऊ नळीने किंवा कापूस गुंडाळलेल्या काडीने ते हलकेच मोकळे करावे.

मागील ट्रेमधील डास

फ्रीजच्या मागे, कॉम्प्रेसरजवळ असलेला हा ट्रे बहुतेक घरांत फ्रीज आल्यापासून पाहिलेलाच नसतो. त्यात स्वच्छ, उथळ आणि कोणी न हलविलेले पाणी असते. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाला अंडी घालण्यास नेमके असेच पाणी लागते. अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणून हा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करून, घासून कोरडा केला, तर डासाचे चक्र मध्येच तुटते. घासणे महत्त्वाचे, कारण अंडी ट्रेच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी पुष्कळ दिवस टिकतात. अंगणातील कुंड्या आणि टाक्या तपासणारे घर स्वयंपाकघरातील हा ट्रे विसरते, आणि पावसाळ्यात ताप घरातूनच सुरू होतो. ट्रे बाहेर निघत नसेल, तर त्यातील पाणी स्पंजाने टिपून घ्यावे. मात्र हे करताना प्लग काढलेला असावा.

महिन्याची सफाई

महिन्यातून एकदा फ्रीज आतून धुऊन घ्यावा. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालावा. या पाण्यात मऊ फडके भिजवून, पिळून, आतील भिंती पुसाव्यात. सोडा वास काढतो आणि स्वतःचा वास मागे ठेवीत नाही. सुवासिक साबण, फिनेल किंवा घासण्याची पावडर आत वापरू नये. अन्न वास धरते आणि प्लॅस्टिकवर ओरखडे उठतात, ज्यांत पुढे मळ बसतो. काचेच्या फळ्या बाहेर काढल्यावर त्या खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात. थंडगार काचेवर गरम पाणी ओतले, तर ती तडकते.

बंगळुरूत अनेक घरांना कूपनलिकेचे जड पाणी मिळते. त्याने पुसल्यावर पांढरे डाग राहतात. यासाठी शेवटचा हात पिण्याच्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने फिरवावा आणि लगेच कोरडा पुसावा. बर्फाच्या साच्यातही पिण्याचेच पाणी भरावे, कारण गोठण्याने पाणी शुद्ध होत नाही. हिंग, फणस किंवा सुक्या मासळीचा वास रेंगाळत असेल, तर वाटीभर खाण्याचा सोडा उघडा ठेवावा. गाळलेल्या कॉफीचा चोथा उन्हात वाळवून वाटीत ठेवला, तरी त्याचा उपयोग होतो, आणि या शहरात त्याची वाण पडत नाही.

अन्नाची मांडणी

हवेला आत फिरण्यास वाव हवा. म्हणून फ्रीज ठासून भरू नये. शिजविलेले आणि कच्चे न खाता येणारे पदार्थ वेगळे असावेत. मांस, मासळी फ्रीजमध्ये ठेवावयाची असल्यास झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या फळीवर ठेवावी, म्हणजे तिचे पाणी इतर अन्नावर ठिबकत नाही. दूध दरवाज्यात न ठेवता आतील फळीवर ठेवणे चांगले. कांदे, बटाटे आणि केळी यांना फ्रीज मानवत नाही. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने कोथिंबीर व पालेभाजी लवकर पिवळी पडते. त्यांचे कप्पे वेगळे करावेत. कढीपत्ता व मोगऱ्याची फुले ओलसर फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून ठेवावीत. डोशाचे पीठ फ्रीजमध्येही संथपणे फुगत राहते, यासाठी डबा दोन तृतीयांशच भरावा.

भाताविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. तांदळात असणाऱ्या एका जंतूची बीजे उकळण्यानेही मरत नाहीत. शिजलेला भात तासन्‌तास उघड्यावर राहिला की ती रुजतात आणि उलटी घडविणारे विष तयार होते. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. फोडणीचा भात किंवा चित्रान्न करण्यासाठी रात्री उरलेला भात ओट्यावर सकाळपर्यंत ठेवण्याची जुनी सवय म्हणूनच सोडावी. भात पसरट ताटात पसरून लवकर निववावा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. आमटी-सांबाराचे मोठे पातेले पाण्याच्या परातीत ठेवून निववावे आणि लहान डब्यांत वाटून ठेवावे. कढत पातेले थेट आत ठेवल्यास शेजारचे दूध तापते. आणि पूर्ण निवेपर्यंत बाहेर विसरल्यास पातेलेच नासते. यांमधील मार्ग हाच आहे.

वीज गेल्यावर

एप्रिल-मेमध्ये बंगळुरूवर वळवाचे जोरदार पाऊस कोसळतात. रस्त्यांवरील मोठी झाडे तारांवर पडतात आणि काही तास वीज जाते. अशा वेळी पहिला नियम एकच : दरवाजा उघडू नये. बंद फ्रीजमधील अन्न साधारण चार तास सुरक्षित राहते. स्वतंत्र दरवाज्याचा पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास गोठण टिकवितो. एका दरवाज्याच्या लहान फ्रीजमधील फ्रीझरला मात्र इतका दम नसतो. चार तासांहून अधिक काळ गेल्यास दूध, शिजविलेले अन्न आणि मासळी यांच्याविषयी शंका असेल, तर ती टाकून द्यावीत. चव घेऊन पाहणे ही परीक्षा नव्हे. विषारी अन्नाला नेहमी वास येतोच असे नाही.

वीज परत येताना दाब वरखाली होतो. जेथे हा त्रास नेहमीचा आहे, तेथे फ्रीजला योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर लावावा. फ्रीज बंद केल्यावर किमान तीन ते पाच मिनिटे थांबून मगच सुरू करावा. कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होण्यास तेवढा वेळ लागतो. घाई केल्यास मोटरीवर ताण येतो. प्लग तीन पिनांचा आणि अर्थिंग असलेलाच असावा. एक्स्टेन्शनची तार वापरू नये.

दिवाळीत किंवा मे महिन्यात पुण्याला, बेळगावला गावी जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक जुनी युक्ती उपयोगी आहे. एका वाटीत पाणी गोठवावे, त्या बर्फावर एक नाणे ठेवावे आणि वाटी फ्रीझरमध्ये ठेवून निघावे. परतल्यावर नाणे वरच असेल, तर सारे ठीक. ते तळाशी गेले असेल, तर आपल्यामागे वीज बराच काळ गेली होती आणि अन्न वितळून पुन्हा गोठले आहे. एका रुपयाच्या नाण्याने याहून चांगली चाकरी क्वचितच केली असेल. फार दिवसांसाठी जावयाचे असेल, तर फ्रीज रिकामा करून, पुसून, प्लग काढावा आणि दरवाजा थोडा उघडा ठेवावा, म्हणजे बुरशी धरीत नाही. घरी लहान मुले असतील, तर उघडा, रिकामा फ्रीज त्यांच्या आवाक्यात राहू देऊ नये.

थोडा हिशेब

या साऱ्या श्रमांतून किती बचत होते? समजा, एखाद्या फ्रीजला वर्षाला २५० युनिट वीज लागते आणि धूळ, बर्फ व सैल रबर यांमुळे त्यात दहा टक्के वाढ होते. म्हणजे २५ युनिट अधिक. युनिटचा दर सात रुपये धरला, तर वर्षाला १७५ रुपये. ही रक्कम मोठी नाही, आणि ती मोठी आहे असे भासविण्याचेही कारण नाही. खरा लाभ इतरत्र आहे. कॉम्प्रेसर काही वर्षे अधिक टिकला, तर नव्या फ्रीजचा खर्च तेवढी वर्षे पुढे जातो. आठवड्याला एक वेळचे अन्न नासण्यापासून वाचले, तर वर्षभरात त्याची बेरीज विजेच्या बचतीला मागे टाकते. आणि टळलेल्या आजारपणाचा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही.

नवा फ्रीज घ्यावाच लागला, तर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकित लेबल पाहावे. ही योजना २००६ मध्ये सुरू झाली. ताऱ्यांच्या संख्येबरोबरच लेबलावर छापलेला वार्षिक युनिटांचा आकडा वाचावा, कारण पाच ताऱ्यांचा मोठा फ्रीज तीन ताऱ्यांच्या लहान फ्रीजहून अधिक वीज घेऊ शकतो. कुटुंबाच्या गरजेएवढाच आकार निवडावा. जुना फ्रीज भंगारवाल्याकडे न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवावा, म्हणजे त्यातील वायू हवेत सोडला जात नाही.

लक्षात ठेवण्यासाठी

दर आठवड्याला : मागील ट्रे रिकामा करून घासणे, उरलेल्या अन्नाचे डबे तपासणे.
दर महिन्याला : सोड्याच्या पाण्याने आतील सफाई, दरवाज्याचे रबर पुसणे व कागदाने तपासणे, पाणी जाण्याचे छिद्र पाहणे.
बर्फ अर्धा सेंटिमीटर झाल्यावर : फ्रीझर वितळविणे.
दर सहा महिन्यांनी : मागील जाळी झाडणे.
ऋतू बदलताना : तापमान मोजणे.

हे काम घरातील एकाच व्यक्तीवर सोपविलेले नसावे. ट्रे एकाने, रबर दुसऱ्याने, तापमापकाचा आकडा शाळकरी मुलाने पाहून दाराच्या आतील कागदावर लिहावा, अशी वाटणी केली, तर साऱ्यांचे मिळून महिन्याला तास-दीड तासाहून अधिक श्रम लागत नाहीत. माठ धुऊन, भरून, सावलीत ठेवण्याची शिस्त मागील पिढ्यांनी रोज पाळली, कारण माठाचे दुर्लक्ष त्याच दिवशी कळत असे. फ्रीज अधिक सोशिक आहे; तो पुष्कळ दिवस तक्रार करीत नाही. आजोबांचे इन्सुलिन आणि नातवाचे दूध ज्याच्या भरवशावर ठेवले आहे, त्याची विचारपूस त्याने तक्रार करण्याआधीच व्हावी.